डोक्यावर वजन किती?

घरातल्या सजावटीचे साहित्य घ्यायचे म्हटले की आपण आधी रंग पाहतो, मग भाव विचारतो. नांदेड-लातूर भागात हे काम करताना मी त्याआधी दुकानदाराला विचारतो, याचे वजन किती? पुष्कळदा त्याला सांगता येत नाही. मग नमुन्याचा चौरस फुटाचा तुकडा घेऊन मी सरळ किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवतो.

या चौकशीला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतेक आपल्याच घराखाली दबून. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट जाड. दिसायला भक्कम, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत नसत. वर लाकडी खणांचे माळवद आणि त्यावर माती. गळू नये म्हणून तिच्यावर आणखी माती पडत जाई. एक फूट जाडीची माती चौरस फुटाला पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवर साडेपाच-सहा टन! माळवद उन्हाळ्यात थंड राहायचे, हेही खरेच. पण तो थंडावा या ओझ्यातूनच यायचा.

आता स्लॅबची घरे झाली, म्हणून प्रश्न संपला असे नाही. औशाकडच्या एका घरी छताचे काम चालू असताना आजींनी मला विचारले, "वर हे काय लावायलाव बाबा? पडंल का अंगावर?" मला तो प्रश्न फार रास्त वाटला. साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड चौरस फुटाला किलोच्या आत बसतो. त्याचा पत्र्याचा सांगाडा स्लॅबला फास्टनरने पक्का केला, की आजींनी निर्धास्त झोपावे. अठरा मिलिमीटरचा ग्रॅनाइट मात्र चौरस फुटाला साडेचार किलोच्या पुढे जातो. दिवाणखान्याची दहा बाय दहाची भिंत त्याने मढवली, तर आडत बाजाराच्या भाषेत साडेचार क्विंटल माल उभा टांगला! चार इंची भिंतीवर, नुसत्या सिमेंटच्या भरवशावर, हे मी करत नाही. दगडच हवा असेल तर कमरेइतक्या उंचीपर्यंत लावावा. वर रंग चांगला दिसतो.

पाण्याचेही तेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा गावात घरोघरी साठा असणारच. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. न्हाणीघरावरचा माळा अडगळीसाठी असतो, टाकीसाठी नव्हे. टाकी खांब-तुळयांच्या आधारावरच ठेवावी, तीही इंजिनिअरला विचारून. त्याहून बरा जमिनीतला हौद. आणि उंच कपाट, मग ते लाकडी असो की लोखंडी, वरच्या बाजूने भिंतीला जखडून टाका. चार स्क्रूंचे काम आहे.

जड वस्तूची हौस जमिनीवर भागवावी. शहाबादी आणि तांडूरची फरशी आपल्याला जवळची, पायाला गारही लागते. मात्र हा चुनखडीचा दगड आहे, अॅसिडने तो खाल्ला जातो. नमुन्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवा, सकाळी डाग दिसेल. मग संडास-न्हाणीत काय लावायचे ते आपोआप ठरते. तिथे व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी, पण खरबरीत. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या चकचकीत फरशीवर सगळ्यांत आधी उठतात. आपल्या घरचे पाणी नमुन्यावर चार दिवस वाळू दिले की हेही कळते.

उरला स्लॅबचा उकाडा. नांदेडचा मे महिना मी काय सांगावा! त्यासाठी गच्चीवर वीटतुकड्यांचा जाड कोबा घालायला सांगतात. पण चार-पाच इंचांचा कोबा म्हणजे पुन्हा चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास ओझे. गळतीसाठी तो लागत असेल तर स्लॅब तेवढा भार पेलेल का, ते आधी तपासून घ्यावे. नुसत्या उन्हासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसात धुऊन जातात, पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचे.