विरघळणारा स्टेंट बसवताना काय पाहतात?
विरघळणारा स्टेंट धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त काळजीने बसवावा लागतो. 'अ‍ॅबसॉर्ब' या पॉलिमरच्या स्टेंटच्या काड्या सुमारे 150 मायक्रॉन जाड होत्या, म्हणजे आजच्या धातूच्या स्टेंटच्या जवळपास दुप्पट. त्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण जास्त आढळले आणि 2017 मध्ये त्याची विक्री थांबली.

त्यातून डॉक्टर शिकले ते असे: आधी फुग्याने अडथळा नीट मोकळा करायचा, रक्तवाहिनीचे माप अचूक घ्यायचे आणि शेवटी जास्त दाबाच्या फुग्याने स्टेंट भिंतीला घट्ट बसवायचा. बारीक रक्तवाहिनीत तो टाळलेलाच बरा.

असा पॉलिमर विरघळायला सुमारे 3 वर्षे लागतात. "आता बरं वाटतंय" किंवा "दात काढायचाय" म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नका. आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.