चेंडू कुठे टाकाल?

आम्हा हौशी टेनिसपटूंचे सारे लक्ष चेंडू किती जोरात मारला याकडे. तो पडला कुठे, हा प्रश्न गौण! पण चाळिशी उलटलेल्या, गुडघे कुरकुरू लागलेल्या माझ्यासारख्या मास्तराला आपल्याच विद्यार्थ्यांपुढे टिकायचे, तर या प्रश्नावाचून गत्यंतर नाही.

जाळी खांबांपाशी साडेतीन फूट उंच, मध्यभागी मात्र ३ फूटच. कोर्ट ७८ फूट लांब; पण एकेरीच्या कोर्टात या कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर भरते सुमारे साडेब्याऐंशी फूट. म्हणजे तिरप्या फटक्याला अडथळा सहा इंच ठेंगणा आणि जागा साडेचार फूट अधिक. हे फुकटचे दान कोण नाकारील? आम्ही नाकारतो! कडेच्या रेषेलगतचा सरळ फटका देखणा ना! तो परतला की कोर्टाची दुसरी बाजू उघडी पडते आणि धावाधाव आपल्याच नशिबी. चेंडू आखूड पडला, प्रतिस्पर्धी बाजूला ओढला गेला, तरच तो मारावा. तोही रेषेच्या दोन हात आत.

रामनाथन कृष्णन यांची सर्व्हिस म्हणजे काही तोफ नव्हती. तरी १९६० आणि १९६१ मध्ये ते विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले, ते चेंडू हवा तिथे टाकण्याच्या बळावर.

आणि धाप लागली, तर उंच, सावकाश चेंडू खोलवर बॅकहँडच्या कोपऱ्यात. तो खाली येईतो चष्मा पुसून होतो.