धुरा वाहणारा

पुढाऱ्याला मराठीत ‘धुरीण’ असाही एक शब्द आहे. धुरा खांद्यावर वाहतो तो धुरीण. पुढचे सारे ज्याला आधीच दिसते तो, असा या शब्दाचा अर्थ नाही. तरीही कारखान्यात किंवा कचेरीत बदलाचे वारे वाहू लागले, की वरिष्ठाने भविष्य निश्चित सांगावे, अशी हाताखालच्यांची अपेक्षा असते. ‘ठाऊक नाही’ म्हटल्याने आपला अधिकार उणा होईल, अशी वरिष्ठालाही धास्ती वाटते. मग तो खोटी आश्वासने देतो किंवा मौन धरतो. आश्वासने फोल ठरली की विश्वास उडतो. मौनातून अफवा पिकतात.

याहून निराळी वाट दिसते ती लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या (1869–1956) उद्योगात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या धंद्यात पडले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर. या क्रमात एकदम घेतलेली उडी नाही. हाती असलेल्या कसबाच्या आधाराने टाकलेले ते एकेक पाऊल होते.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे होते. परंतु लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो दुरुस्त करून देई. लोखंडी नांगर ऐन हंगामात मोडला तर जावे कोणाकडे? एक हंगाम हुकला की वर्ष बुडाले. नव्याला होणाऱ्या विरोधामागे बहुधा असा एखादा रास्त प्रश्न दडलेला असतो. आजच्या कचेरीत संगणकाच्या नव्या पद्धतीला नाके मुरडणारा जुना कारकूनही मनात हेच विचारीत असतो, की वीस वर्षे कमावलेल्या अनुभवाची किंमत उद्या काय राहणार? या प्रश्नाचे उत्तर न देता काढलेला हुकूम पाळला जातो, पण मनापासून नव्हे.

नांगराचा जम बसू लागला, तोच शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल गावाजवळ सुमारे 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. 1910 साली उद्योग तेथे गेला. जागा म्हणजे निवडुंग माजलेला ओसाड माळ. तेथे वस्ती टिकेल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. काही गोष्टी मात्र पक्क्या होत्या : जवळ रेल्वेचे स्थानक होते, यंत्रे होती आणि बेळगावात तयार झालेले कारागीर होते. शिवाय कामगारांना माळावर धाडून मालक शहरात राहिला नाही. किर्लोस्कर कुटुंबही त्याच माळावर राहावयास गेले. पुढे त्या वस्तीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

अर्थात, प्रत्येक उद्योगाला पंतप्रतिनिधींसारखा आश्रयदाता लाभत नाही, आणि धैर्य दाखविणारा प्रत्येक जण यशस्वी होतोच असेही नाही. म्हणूनच या उदाहरणातून यशाची हमी न शोधता वागण्याची रीत घ्यावी. काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि जे ठाऊक नाही त्याविषयी पुन्हा केव्हा सांगता येईल, या तीन गोष्टी वरिष्ठाने निरनिराळ्या सांगाव्यात. नवी पद्धत प्रथम एका विभागात, नुकसान झाले तरी सोसेल एवढ्याच प्रमाणात चालवून पाहावी, आणि कोणती चिन्हे दिसल्यास ती थांबवावयाची, हे आरंभीच ठरवावे. काय बदलणार नाही, हेही स्पष्ट सांगावे. त्या आधारावर माणसे बाकीचे बदल सोसतात.

शेवटी प्रश्न उरतो तो भाराचा. बदलाचा लाभ वर आणि त्याची झळ खाली, अशी वाटणी दिसली की गोड भाषणांचा उपयोग होत नाही. उद्या काय होईल हे न सांगता आले तरी चालते. उद्या जे होईल त्यातला आपला वाटा धुरीण उचलील, एवढी खात्री मात्र माणसांना लागते.