जुनी पिकअप घेताय? आधी वहीत हिशेब मांडा

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की गावोगावी जुन्या पिकअप गाड्यांची खरेदी-विक्री वाढते. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने गेल्या हंगामात अशीच बारा वर्षांची गाडी अडीच लाखांना घेतली. भेटले तेव्हा खुशीत होते. म्हणाले, "साहेब, गाडी स्वस्तात पडली, अन् ॲव्हरेज बाराचं आहे म्हणतात." पंधरा दिवसांनी पिंपळगाव बसवंतला साठ क्रेट घेऊन निघाले आणि राहुड घाटात गाडी तापून बंद पडली. हेड गॅसकेट गेले होते. दुसरी गाडी भाड्याने करून माल मार्केटला पोचवला, तोवर लिलाव उरकत आले होते. क्रेटमागे शंभर रुपये कमी मिळाले, दुसऱ्या गाडीचे भाडे गेले, दुरुस्तीचा खर्च वेगळाच. पुढे टाकी भरून मोजले तेव्हा ॲव्हरेजही बाराचे नाही, नऊचे निघाले.

यात गाडीचा दोष कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. जुनी गाडी घेणे चूक नव्हे. १९८६ साली टाटा ४०७ आली, त्यानंतर टाटामोबाईल आली, पुढे महिंद्राची बोलेरो पिकअप आली आणि शेतमाल थेट बांधावरून मार्केटला जाऊ लागला. या गाड्यांची जुनी इंजिने गावातला मेकॅनिकही उघडतो. मात्र 'ॲव्हरेज किती' एवढ्या एका प्रश्नावर गाडी घेऊ नये.

ॲव्हरेज स्वतः मोजा

विकणारा सांगतो ते ॲव्हरेज रिकाम्या गाडीचे आणि सपाट रस्त्याचे असते. आपल्याला भरल्या गाडीचे हवे. पंपावर टाकी काठोकाठ भरावी, मीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीसारखा माल वाहावा. नंतर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. जितके किलोमीटर झाले त्याला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने भागावे. असे तीनदा करून सरासरी काढावी. जुन्या गाडीचा मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा. मीटरशिवाय सगळा हिशेब अंदाजपंचे होतो.

खरा खर्च किती?

उदाहरणासाठी दोन गाड्या घेऊ. एक बारा वर्षांची, अडीच लाखांची. दुसरी तीन वर्षांची, सात लाखांची. डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी मालक स्वतः चालवतो असे धरू. आकडे समजण्यापुरते आहेत. आपापल्या गाडीचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

गाडी दारात उभी राहिली तरी होणारा वर्षाचा खर्च असा:
जुनी गाडी – घसारा ३० हजार, गुंतलेल्या पैशावर दहा टक्क्यांनी व्याज २५ हजार, विमा-पासिंग-कर ३५ हजार. एकूण ९० हजार.
नवी गाडी – घसारा ७५ हजार, व्याज ७० हजार, विमा-पासिंग-कर ४० हजार. एकूण १ लाख ८५ हजार.

चालल्यावर दर किलोमीटरला होणारा खर्च असा:
जुनी गाडी – ॲव्हरेज नऊ, म्हणून डिझेल १० रुपये. दुरुस्ती, ऑइल, टायर ५ रुपये. एकूण १५ रुपये.
नवी गाडी – ॲव्हरेज बारा, म्हणून डिझेल साडेसात रुपये. दुरुस्ती, ऑइल, टायर ३ रुपये. एकूण साडेदहा रुपये.

आता गाडी वर्षाला ८ हजार किलोमीटर चालली तर जुनीचा एकूण खर्च २ लाख १० हजार आणि नवीचा २ लाख ६९ हजार येतो. इथे जुनी परवडली. तीच ३० हजार किलोमीटर चालली तर जुनीला ५ लाख ४० हजार आणि नवीला ५ लाख लागतात. इथे नवी परवडली. या हिशेबात दोन्ही गाड्या साधारण २१ हजार किलोमीटरला बरोबरीत येतात. थोडक्यात, ज्याचे फिरणे कमी त्याने जुनी घ्यावी, ज्याला रोज मार्केट आहे किंवा भाडे मारायचे आहे त्याने नवीचा विचार करावा. लोक बहुधा याच्या उलट करतात. रोज भाडे मारायला जुनी घेतात आणि हंगामापुरती लागणारी गाडी कर्ज काढून नवी घेतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ८ हजार किलोमीटरवर जुनी गाडी किलोमीटरला २६ रुपये २५ पैशांना पडते. शेतकरी मात्र डिझेलचे दहाच रुपये धरतो, कारण तेवढेच खिशातून रोज जातात. तुमच्या गावात भाड्याची गाडी जाऊन-येऊन किलोमीटरला २२ रुपयांना मिळत असेल, तर गाडी न घेणेच शहाणपणाचे. वेळेवर भाड्याची गाडी मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण त्या अडचणीची किंमत किती, हे आकडे मांडल्यावरच कळते.

अर्धी गाडी म्हणजे दुप्पट खर्च

मार्केट साठ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२० किलोमीटर होतात. २६ रुपये २५ पैशांनी एका खेपेला ३१५० रुपये लागतात. वीस किलोचे सत्तर क्रेट नेले तर क्रेटला ४५ रुपये, पस्तीसच नेले तर ९० रुपये वाहतूक पडते. शेजारच्या दोघा-तिघांनी तोडणीचा दिवस एक ठेवला आणि माल एकाच गाडीत भरला, तर जी बचत होते ती कोणत्याही ॲव्हरेजने होत नाही.

पण पूर्ण भरणे वेगळे आणि जादा भरणे वेगळे. गाडीची क्षमता आरसी बुकावरून काढावी आणि तेवढाच माल भरावा. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. शिवाय कमान पाटे बसतात, क्लचप्लेट जळते, टायर फुटतात.

घेताना काय पाहावे

गाडी सकाळी थंड इंजिनावर आपल्यासमोर चालू करायला लावावी. गरम करून ठेवलेली गाडी पाहू नये. सतत काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर, नोझल किंवा पंपाचे काम आहे. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याचा संभव आहे, तेव्हा हेड गॅसकेट तपासून घ्यावे. इंजिन चालू असताना झाकण काढल्यावर धुराचा झोत येत असेल तर रिंग-पिस्टन झिजले आहेत असे समजावे. खाली वाकून चासीला वेल्डिंग केले आहे का, तेही पाहावे. गाडीला माल भरून घाट चढवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

बीएस-६ नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत सेन्सर व धूर गाळणारी यंत्रणा असते. त्यांच्या बिघाडाला गावातला मेकॅनिक पुरत नाही, म्हणून जवळचे वर्कशॉप किती लांब आहे तेही विचारात घ्यावे.

कागदपत्रे

मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावे लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे पासिंग शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढवण्यात आले. राज्यात आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला पर्यावरण करही आहे. चालू दर आरटीओ कार्यालयात विचारूनच सौदा करावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी नावावर करण्यासाठी घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. विकणाऱ्यांनीही सावध राहावे. गाडी नावावरून उतरली नाही आणि अपघात झाला, तर नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते.

विम्याबाबत एक गैरसमज आहे. मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला १९९४ च्या दुरुस्तीपासून विम्याचे संरक्षण आहे. पण हौद्यात वऱ्हाड किंवा बाजाराला जाणारे लोक बसवले आणि अपघात झाला, तर भरपाई शेवटी गाडीमालकाच्या गळ्यात पडते. त्यात जमीनही जाऊ शकते. ग्रामपंचायत व सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत आवर्जून सांगावी.

घेतल्यावर

टायरची हवा आठवड्याला तपासावी. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत लवकर साफ करावा. चाक हाताला गरम लागले तर ब्रेक धरतो आहे असे समजावे. मार्केटच्या रांगेत तासभर उभे राहायचे असेल तर इंजिन बंद ठेवावे. दर हंगामाआधी रेडिएटर, होजपाइप आणि फॅनबेल्ट पाहून घ्यावा. घाटात उभ्या राहणाऱ्या पुष्कळ गाड्या यातल्या एखाद्या दोन-चारशे रुपयांच्या वस्तूपायी उभ्या राहतात.

राहुड घाटात अडकलेले ते शेतकरी आता गाडीत वही ठेवतात. तारीख, किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती, किती क्रेट नेले, सगळे लिहितात. परवा म्हणाले, "गाडी जुनीच ठेवणार साहेब, पण एकट्याचा माल नेणार नाही." शेतकरी बंधूंनो, पिकाचा जमाखर्च आपण मांडतो, तसाच गाडीचाही मांडावा. मगच गाडी दारात आणावी.