दुधाचे डबे आम्ही का स्वीकारत नाही

प्रसूती विभागास दुधाच्या भुकटीचे डबे देणगीदाखल दिले तर चालतील काय, असे अनेक हितचिंतक आम्हांस विचारतात. त्यांच्या सद्भावनेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि ही देणगी आम्हांस घेता येत नाही. या नकारामागे कायदा आहे, आणि कायद्यामागे जगभरातील लहान लहान संस्थांच्या एका आघाडीचे परिश्रम आहेत.

फुकट डब्यात धोका कोणता, हे प्रथम सांगावयास हवे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळ जितके अंगावर पिते, तितके आईला दूध येते. बाटली आली की पिणे कमी होते आणि दूध आटू लागते. नमुन्याचा डबा संपतो, तेव्हा पुढचा विकत घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गरिबाघरी मग तो पुरवून वापरला जातो. भुकटी कमी, पाणी जास्त, आणि तेही न उकळलेले. बाळाला जुलाब लागतात, ते सुकत जाते.

ऑक्टोबर १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी जिनिव्हा येथे या प्रश्नावर बैठक घेतली. तेथे जमलेल्या सहा संस्थांनी 'इंटरनॅशनल बेबी फूड अॅक्शन नेटवर्क' ही आघाडी स्थापन केली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा उत्पादनांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधी मत अमेरिकेचे होते.

या सभेत मतदान करतात ती राष्ट्रे. स्वयंसेवी संस्थांना मत नाही. मग आघाडीचे बळ कशात? आमच्या मते ते सदस्यांच्या नोंदींत आहे. संहिता ही केवळ शिफारस असल्याने प्रत्येक देशाने तिचा कायदा करणे आवश्यक होते. कोणत्या रुग्णालयात कोणते पोस्टर लागले, कोणाला नमुने मिळाले, हे देशोदेशींच्या सदस्यांनी चिकाटीने टिपले आणि आपापल्या सरकारांपुढे मांडले. १९९८ मध्ये या आघाडीस 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे १९९१ मध्ये वर्धा येथे 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. १९९२ चा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. अनाथालये वगळता इतरांस असे डबे दान करण्यास त्याने मनाई केली आहे. ज्या मातेला स्तनपान देणे शक्यच नाही व विकत घेण्याची ऐपतही नाही, तिला रुग्णालयाने स्वतः दूध पुरविण्यास मात्र मुभा आहे. शासनाने अधिकृत केलेल्या स्वयंसेवी संस्थांना न्यायालयात थेट तक्रार करता येते, ही तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते. मुंबईची 'अकॅश' ही त्यांपैकी एक.

डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च या कंपन्यांनी करू नये, हेही कायद्यात आहे. आमच्या व्यवसायाला ते सहज पचलेले नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. अलीकडे जाहिरात बाळंतिणीच्या मोबाइलवरच येते. मे २०२५ मध्ये आरोग्य सभेने त्याविषयी ठराव केला आहे.

प्रसूती विभागास काही द्यावयाचे असल्यास बाळाला पाजताना पाठीस आधार देणाऱ्या खुर्च्या, उशा व सुती दुपटी यांची आम्हांस गरज आहे.