छोटा ट्रक: शेतात चालतो, रस्त्यावर चालेल का?

जेवणं आणि मागची आवराआवर झाली असेल, तर घटकाभर रेडिओजवळ बसा. आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत.

आमचा बचत गट भाजी बाजारात न्यायला स्वतःची गाडी घ्यायच्या विचारात आहे. मागच्या बैठकीत एका मैत्रिणीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं शेत, आणि त्यात एक इवलासा पांढरा ट्रक गवताच्या पेंढ्या घेऊन चिखलातून चाललेला. ती म्हणाली, "ताई, हे जुने ट्रक जपानहून स्वस्तात येतात म्हणे. आपल्याला मागवता येईल का?" तेव्हा मी "बघून सांगते" म्हटलं होतं. आज सांगते.

जपानमध्ये लहान गाड्यांचा 'केई' नावाचा वेगळा वर्ग आहे. केई म्हणजे हलकं. हा वर्ग १९४९ साली सुरू झाला. आजचं माप असं: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, याच्या आत. ट्रक असेल तर माल ३५० किलोपर्यंत, म्हणजे पन्नास किलोची सात पोती. या मापात बसणाऱ्या गाडीला कर कमी लागतो. सुझुकी कॅरी, दाइहात्सू हायजेट, सुबारू सांबर ही यातली जुनी नावं. भातखाचरांमधल्या अरुंद वाटेवरून हे ट्रक जातात. हौद्याचे फाळके तिन्ही बाजूंनी खाली पडतात, त्यामुळे क्रेट चढवायला बाईमाणसालाही त्रास होत नाही. बऱ्याच ट्रकांत चारही चाकांना जोर मिळतो, म्हणून चिखलात अडकून बसत नाहीत.

आता अमेरिकेची गंमत ऐका. तिथे परदेशी गाडी आणायची तर तिथल्या सुरक्षेच्या नियमांत बसावी लागते. हे ट्रक त्यात बसत नाहीत. पण गाडी २५ वर्षांपेक्षा जुनी असेल, तर त्या नियमांतून सूट आहे. म्हणून तिथले शेतकरी आणि बागायतदार १९९०च्या दशकातले ट्रक घेतात. त्याहून नवे ट्रकही येतात, पण ते फक्त शेतासाठी, वेग ताशी ४० किलोमीटरवर बांधून.

गाडी देशात आली म्हणजे रस्त्यावर चालवता येते, असं मात्र नाही. नोंदणी तिथे प्रत्येक राज्याच्या हातात असते. काही राज्यं या ट्रकांना रस्त्यावर येऊ देतात, काही फक्त कमी वेगाच्या रस्त्यांवर, तर काही शेताबाहेर पाऊलच टाकू देत नाहीत. २०२४ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने नोंदणी थांबवली, मालकांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी पुन्हा सुरू केली. अडवणाऱ्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नाही. या ट्रकांत चालक पार पुढे बसतो, गुडघ्यापुढे जेमतेम पत्रा. मोठ्या रस्त्यावर शंभरच्या वेगाने धावणाऱ्या अवजड गाड्यांमध्ये त्याचं कसं व्हायचं?

मग आपण मागवायचा का? नाही. आपल्याकडे नियम नेमका उलटा आहे. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, शिवाय जकात भरमसाट. आणि गरजही नाही. या कामासाठी आपल्या पुण्यातच घडलेला 'छोटा हत्ती', टाटा एस, २००५ पासून रस्त्यावर आहे.

पण त्या व्हिडिओतून घ्यायची गोष्ट एकच. गाडी काय ओढू शकते हा एक प्रश्न, आणि तिच्या कागदावर काय लिहिलंय हा दुसरा. गाडी घेताना आपण पहिलाच विचारतो.

दुसरा प्रश्न न विचारल्याची किंमत मी पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी बाजार आटोपून आम्ही आठजणी रिकाम्या टेम्पोच्या हौद्यात बसून परतत होतो. घाटाच्या उतारावर चालकाने करकचून ब्रेक मारला. माझ्या शेजारची मैत्रीण फाळक्यावर आपटली, हात दोन ठिकाणी मोडला. टेम्पोचा विमा चालू होता, तरी तिला एक रुपया मिळाला नाही. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला जातो. आमचा माल तर विकून झाला होता. आम्ही कायद्याच्या लेखी फुकटचे प्रवासी. तिच्या उपचारासाठी गटाच्या बचतीतून कर्ज काढलं, ते अजून फिटतंय.

म्हणून इसार देण्याआधी एवढं बघा. गाडीचं पासिंग मालवाहू म्हणून आहे का, म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं? आरसी बुकावर गाडी आणि माल मिळून वजन किती लिहिलंय? ते ३००० किलोच्या आत असेल, तर परमिट लागत नाही. फिटनेस, विमा, पीयूसी चालू आहे का? नव्या मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावा लागतो. तो खर्च हप्त्याबरोबरच हिशेबात धरा.

आणि एक आनंदाची गोष्ट. हलक्या चारचाकीचं लायसन्स असलेली बाई ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. आमच्या गटातल्या दोघींनी शिकाऊ लायसन्स काढलंसुद्धा. त्यातली एक तीच, हात मोडलेली. ती म्हणते, "गाडी आपली झाली की हौद्यात भाजी बसेल, आपण एसटीनेच येऊ."

पुढच्या वेळी गाडीच्या कर्जाचं बोलू. नमस्कार.