विंचूदंश आणि चेतापेशींची दारे

मेंदू विजेवर चालतो, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ही वीज घरातल्या तारेतून वाहणाऱ्या विजेसारखी नव्हे. चेतापेशीच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना आयन चॅनेल म्हणतात. स्वस्थ बसलेल्या पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्या मानाने सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असतो. संदेश आला की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत शिरतो आणि जेमतेम एका मिलिसेकंदात ती दारे आपोआप मिटतात. पाठोपाठ पोटॅशियमची दारे उघडतात आणि पेशी पूर्वस्थितीला येते. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी हे गणित म्हाकूळ या समुद्रजीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून 1952 साली मांडले. त्यासाठी त्यांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जाताना मात्र मध्ये फट लागते. ही चेतासंधी, म्हणजेच सिनॅप्स. तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत आले की चेतापारेषक द्रव्याच्या पिशव्या फटीत रित्या होतात आणि ते द्रव्य पलीकडच्या रिसेप्टरवर जाऊन बसते. तेच द्रव्य वेगळ्या रिसेप्टरवर वेगळा परिणाम करते. म्हणून संदेशाचा अर्थ द्रव्यापेक्षा रिसेप्टर अधिक ठरवतो, असे मला वाटते.

हे सारे विद्यार्थिदशेत पाठ करून विसरण्याचे प्रकरण आहे, असा समज असल्यास आपल्या शेजारच्या कोकणाकडे पाहावे. तेथील लाल विंचू ही दारेच पकडतो. त्याच्या विषातील काही द्रव्ये सोडियमचे दार मिटू देत नाहीत. याच विंचवाच्या विषातून 1990 साली आयबेरिओटॉक्सिन वेगळे करण्यात आले. ते पोटॅशियमचे एक विशिष्ट दार बंद करते. एकीकडे संदेश थांबत नाही, दुसरीकडे पेशीला शांत करणारा मार्ग अडतो. परिणामी स्वायत्त चेतासंस्थेच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथींतून नॉरअॅड्रिनलिन व अॅड्रिनलिन यांचा लोंढा सुटतो. तो रक्तवाहिन्यांवरील अल्फा रिसेप्टरवर आदळतो, वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. दंश बोटाला, मरण फुप्फुसाच्या सुजेने!

महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण उशाशी बसून पाहिले. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि मुलग्यांत शिश्नाचा ताठरपणा ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना असते, हे त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे ठेवले. लोंढा अल्फा रिसेप्टरवर आदळत असेल, तर तो रिसेप्टरच झाकावा, हा विचार पुढे आला. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी नेमके हेच करते. 1986 साली तिचा अनुभव 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. पूर्वी फुप्फुसाच्या सुजेने 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आले. 2022 साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. आनंद आहे, पण खेड्यातल्या निरीक्षणाला हा मान मिळायला फार वर्षे लागली.

विंचवाची प्रतिलसही आता उपलब्ध आहे. बावस्कर दांपत्याने 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 70 रुग्णांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र दिलेल्या 35 पैकी 32 रुग्ण दहा तासांत सावरले. केवळ प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8 जण तेवढ्या वेळात सावरले. प्रतिलस रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठते, प्राझोसिन आधीच सुटलेल्या लोंढ्याला थोपवते. दोघांची कामे वेगळी आहेत.

विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाला यश का येते, असा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. बहुतेक दंशांत नुसती ठणक असते आणि ती काही तासांत आपोआप ओसरते. श्रेय मंत्राला जाते. घात होतो तो उरलेल्यांत. गंभीर दंशात ठणक अनेकदा कमीच असते. 'फारसे दुखत नाही' म्हणून घरचे निर्धास्त राहतात, तोवर मूल घामाने भिजून गार पडू लागते. विषाची मात्रा तीच आणि देह लहान, म्हणून मुलांना धोका अधिक. खानवेल, मांदोनी, दुधनीच्या पाड्यांवरून सिल्वासा गाठेपर्यंत जो वेळ जातो, तो येथे मोलाचा आहे.

आता थोडे मेंदूकडे. सोडियम चॅनेल एकाच साच्याचे नसते. त्याची नऊ भावंडे आहेत. वेदनावाहक चेतांतले निराळे, हृदयातले निराळे, मेंदूतले निराळे. मेंदूतील एका चॅनेलचे जनुक सदोष असले की ड्रावे सिंड्रोम होतो, हे 2001 साली कळले. वर्षाच्या आतले, एरवी निरोगी मूल तापात दीर्घ झटक्यांनी वारंवार येते, ते बहुधा 'तापाचे झटके' म्हणून परत पाठवले जाते. येथे दोष प्रामुख्याने आवर घालणाऱ्या पेशींत असतो. म्हणूनच सोडियमचे दार अडवणारी कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन ही नेहमीची औषधे या मुलांचे झटके वाढवू शकतात. अशा वेळी चालू झटका थांबवायला नाकातून दिलेला मिडॅझोलाम उपयोगी पडतो. तो गाबा रिसेप्टरला साथ देतो, क्लोराइडचे दार अधिक वेळा उघडते आणि पेशी शांत होते.

पुन्हा विंचवाकडे वळून व्यवसायबंधूंसाठी थोडे व्यवहाराचे. दंशाच्या जागी लिग्नोकेनने ठणक थांबते, कारण तेही सोडियमचेच दार अडवते. घाम आणि लाळ पाहून अॅट्रोपिन देण्याचा मोह टाळावा. हृदयाची धडधड आणि रक्तदाब त्याने आणखी वाढतो. स्टिरॉइडचा येथे लाभ नाही. घाम, उलटी, गार हातपाय दिसताच प्राझोसिन किलोमागे 30 मायक्रोग्रॅम तोंडाने द्यावे आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी तीच मात्रा द्यावी. आधी रक्तदाब पाहावा. उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल तर ते भरून काढावे, आणि गोळी दिल्यावर मूल आडवेच ठेवावे. आईने कडेवर उभे धरले तरी रक्तदाब एकदम घसरू शकतो. ही सूचना आईला तिच्या बोलीत, वारली किंवा कोकणीत, सांगायला परिचारिका जवळ असावी.